डाव्या सीटवरचा डोळा

बाबांना जाऊन तीस दिवस झाले, त्या पहाटे मी त्यांची गाडी काढायला खाली उतरले. आधी मागच्या चाकाची साखळी सोडली, मग स्टिअरिंगचं कुलूप काढलं, मग गियरचं. घरातून आणलेले वायपर जागच्या जागी बसवले. आमच्याकडे वायपर रात्री गाडीवरच राहिले, तर सकाळी ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर दिसतात. एवढं सगळं करून किल्ली फिरवली, तर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मग आठवलं. सीटखाली हात घालून चाचपडत मी ते छोटं बटण दाबलं. आम्ही त्याला चोरबटण म्हणायचो. ते दाबल्याशिवाय इंजिनाला पेट्रोल मिळत नसे, आणि ते कुठे आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं. आता एकालाच.

जायचं होतं पलीकडे. आमच्या घरात दोन देशांना नावं नव्हती. एक अलीकडे आणि एक पलीकडे. आम्ही राहायचो अलीकडे, बाबांची धाकटी बहीण लग्न करून गेली पलीकडे, आणि बाबा दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर. वडील काय करतात असं शाळेत विचारलं, की मी "ये-जा करतात" म्हणायचे आणि वर्ग हसायचा. पण खरं तेच होतं. आठवड्यातून तीनदा चार माणसं घेऊन जायची आणि चार माणसं घेऊन यायची.

आत्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या वर्षी आमच्या गावातल्या इस्पितळात काढला होता. दुसऱ्याची तारीख उद्याची होती, सकाळी नऊ. तो डॉक्टर तीन महिन्यांतून एकदाच येतो. बाबांनी तिला आणायचा शब्द दिला होता. शेवटच्या आठवड्यात पलंगावर पडल्या पडल्याही ते मला तारीख विचारत होते. आत्या फोनवर म्हणाली होती, "राहू दे गं. एका डोळ्याने दिसतंय तेवढं खूप आहे. आता बघायचं तरी काय राहिलंय?" म्हणूनच जायचं ठरवलं.

अडचण पासाची होती. सीमा ओलांडायचा गाडीचा पास बाबांच्या नावावर. मालक वारला तर वारसाला तो तीस दिवस चालतो, आणि मृत्यूचा दाखला हातात पडेपर्यंत त्यातले एकोणतीस गेले होते. म्हणजे आजच जायचं आणि आजच परतायचं. फाटक संध्याकाळी सहाला बंद होतं. सहाच्या पुढे एक मिनिट झालं, तरी गाडी पलीकडे, आत्या पलीकडे आणि डॉक्टर अलीकडे.

सहाला फाटक उघडलं. शिपायाने पास पाहिला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही शेपटाची गाडी ना?"

मला वाटलं, काही तरी टोमणा असेल. "माझ्या वडिलांची आहे," मी म्हटलं.

"तेच की," तो म्हणाला आणि आडवा दांडा वर केला.

फाटकापुढे रस्ता एक मोठा आठचा आकडा घेतो. अलीकडे गाड्या डावीकडून चालतात, पलीकडे उजवीकडून. त्या आठाच्या पोटात सगळ्यांना कुशी बदलावी लागते. लहानपणी तिथे मी डोळे मिटून घ्यायचे. उघडले की सगळं वेगळं असायचं. आमच्याकडच्या गाड्या रंगीबेरंगी, पोचे पडलेल्या, सतत भोंगा वाजवणाऱ्या. इथल्या बहुतेक पांढऱ्या, धुतलेल्या आणि मुक्या. आमच्याकडे पोलीस शोधून सापडत नाही, इथे टाळून जाता येत नाही. दर थोड्या अंतरावर चौकी, ओळखपत्र, लांब दांड्याचा आरसा गाडीच्या पोटाखाली. पण इथे गाडीला कुलूप कुणी लावत नाही. किल्ली आतच ठेवतात, वाटेत आली तर कुणीही सरकवावी म्हणून. बाबा म्हणायचे, "अलीकडे गाडी चोरापासून सांभाळायची, पलीकडे शिपायापासून. भाषा मात्र दोन्हीकडे तीच. शिव्यासुद्धा."

मी पाचवीत होते तेव्हा बाबांनी मला शनिवारी सोबत न्यायला सुरुवात केली. हौस म्हणून नाही, काम म्हणून. आमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. पलीकडे उजव्या कडेने चालवताना चालक बसतो रस्त्याच्या काठाशी. पुढे ट्रक असला की त्याला दिसतं ते फक्त ट्रकचं मागचं फळकूट. समोरून काय येतंय हे दिसतं डाव्या सीटवरच्या माणसाला. ते माणूस मी. प्रवासी तिघे मागे, मी पुढे, पाठीखाली उशी. मी बाबांचा डोळा होते.

शब्द दोनच. "येतंय" आणि "मोकळं". नियम एकच. "मोकळं वाटतंय असं म्हणायचं नाही," बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "वाटतंय म्हणजे थांब." मी "मोकळं" म्हटलं की ते माझ्याकडे न बघता स्टिअरिंग फिरवायचे. परतताना तो आठ ओलांडला, की म्हणायचे, "आता झोप. इथून मला दिसतं." अडीच तासांचा रस्ता होता तो. अडीच तासांत मी किती वेळा "मोकळं" म्हणायचे, याचा हिशोब मी ठेवला नव्हता. बाबांनीही नसेल.

तेराव्या वर्षी मला पुस्तकांचं वेड लागलं. जेवताना वाचायचे, आंघोळीचं पाणी गार होईपर्यंत वाचायचे. त्या शनिवारी मांडीवर एक जाडजूड कादंबरी होती आणि नायिका एका बंद दारापुढे उभी होती. मागे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची आजारी बायको. पुढे उसाचा ट्रक.

"बघ गं," बाबा म्हणाले.

"मोकळं," मी म्हटलं. मान वर न करता.

समोरून बस आली. बाबांनी गाडी डावीकडेच, शेतात घातली. एक दिवा फुटला, आरसा गेला, बाबांचा ओठ स्टिअरिंगवर आपटून फाटला. बाकी कुणाला खरचटलंही नाही. मास्तरांची बायको देवाचं नाव घेत होती. बाबा उतरले, गाडीला फेरी मारून माझ्या बाजूला आले, मातीत पडलेलं पुस्तक उचललं, झटकलं आणि माझ्या हातात दिलं.

"कितव्या पानावर होतीस?" त्यांनी विचारलं.

बस्स, तेवढंच. त्या दिवशी नाही, नंतर नाही, कधीच नाही. ते ओरडले असते तर मी रडले असते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गाडीत बसले असते. पुढच्या शनिवारी मी परीक्षा आहे म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या शनिवारी डोकं दुखलं. तिसऱ्या शनिवारी बाबांनी विचारलं नाही. किल्ली हातात घेऊन दारात थोडे थांबले आणि गेले. मी समजले ते असं: त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला आणि हे बोलून दाखवण्याइतके ते कठोर नाहीत. मी आता छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. लोकांच्या नजरेतून सुटलेल्या चुका शोधून पोट भरते. घरात यावर कधी कुणी विनोद केला नाही, हेसुद्धा माझ्या लक्षात आहे.

त्या सकाळी पलीकडचा रस्ता बराच रिकामा होता, पण रिकामा म्हणजे एक ट्रॅक्टर, मग एक पाण्याचा टँकर. डावी सीट मोकळी. मी मान लांब करून बघत होते आणि पुन्हा कडेला येत होते. दुधाने तोंड भाजलेलं. ताकही फुंकून पीत चालले होते. चौक्यांवर मात्र गाडी बघूनच दांडा वर होत होता, आरसा कुणी काढला नाही. आत्याच्या गल्लीत पोचायला साडेदहा वाजले.

सवयीने मी स्टिअरिंगला कुलूप घातलं. आत्या दारातच उभी होती.

"कुलूप कशाला गं? आमच्या गल्लीची अब्रू घेतेस?"

"सवय आहे."

"दादाची पण होती. शेजारच्या म्हातारीने विचारलं होतं मला, तुझ्या भावाने गाडीत कोणाला कोंडलंय?"

ती हसली, पण माझ्याकडे बघत नव्हती. गाडीपाशी गेली, उजवीकडचं दार उघडून रिकाम्या सीटवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग दार लावून म्हणाली, "चल, खाऊन घे. भात झालाय. अकराला निघू. लवकर पोचलीस तू."

"लवकर? साडेचार तास लागले आत्या! अडीच तासांचा रस्ता."

"अडीच कोणाचे? दादाला पाच लागायचे."

"आम्हाला अडीच लागायचे. मला चांगलं आठवतंय."

"तू असायचीस तेव्हा लागत असतील," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात वाढता वाढता डाव थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत नाही?"

"काय?"

"तू यायची थांबलीस, त्यानंतर त्याने ह्या बाजूला एकसुद्धा गाडी ओलांडली नाही. ट्रक असला तर ट्रकमागे. बैलगाडी असली तर बैलगाडीमागे. अठ्ठावीस वर्षं. ट्रकवाले शेपूट म्हणायचे त्याला. चौकीवाले पण."

मला सकाळचा शिपाई आठवला. "पण शेजारी प्रवासी बसायचे ना? त्यांना विचारायचं."

"मीच बसले होते एकदा. म्हटलं, दादा, मोकळं आहे, घे पुढे. तर म्हणतो, माझा डोळा घरी आहे. मी म्हटलं, मग हे माझ्या तोंडावर काय बटाटे लावलेत?" आत्या पदराने नाक पुसत हसली. "ऐकेल तर शपथ. घाई असेल त्यांनी दुसरी गाडी बघा म्हणायचा. बघितली लोकांनी."

म्हणून त्यांच्या गाडीत शेवटी शेवटी फक्त म्हातारी, आजारी आणि लेकुरवाळ्या बायका असायच्या. म्हणून रात्रीचं ताट झाकून ठेवत आई म्हणायची, "घोडं कुठे पेंड खातं कोण जाणे." मी माझ्या खोलीत वाचत बसलेली असायचे. शेजारच्या खोलीत ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, की दिवा घालवायचे.

मी आत्याला पुस्तकाची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. ती ऐकत होती, एक डोळा स्वच्छ, दुसरा दुधाळ.

"मग ते माझी वाट बघत होते म्हणायचं, की हट्टाने बसले होते?" मी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार, बाळ. दादाचं दोन्ही सारखंच दिसायचं. जेव तू. भात निवतोय."

अकराला निघालो. आत्या डाव्या सीटवर, मांडीवर कपड्यांची पिशवी. पहिली चौकी सुरळीत पार पडली. दुसऱ्या चौकीपर्यंत निम्मा रस्ता झाला होता आणि एक वाजला होता. म्हणजे वेळ हाताशी भरपूर. नवा, तरुण शिपाई आरसा घेऊन आला. आरसा गाडीखाली सरकवला, पुन्हा सरकवला, मग वाकून स्वतः बघितलं.

"सीटखाली वायर कसली आहे?"

तेव्हा मला माझी चूक कळली. बाबा फाटकापाशी पोचायच्या आधी कडेला थांबून चोरबटणाची वायर काढायचे आणि गुंडाळून कप्प्यात ठेवायचे; वायर काढली, की इंजिन बटणाशिवायही चालायचं. दर खेपेला. मला ते आठवलंच नाही. पहाटे चोरांचा विचार डोक्यात होता, शिपायांचा नव्हता.

"गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बटण आहे," मी म्हटलं.

"गाडी कोण चोरतं?" त्याने खरंच आश्चर्याने विचारलं.

"आमच्याकडे चोरतात."

"लपवलेलं बटण, दिसू नये अशी वायर, आणि तुम्ही सांगता चोरासाठी." त्याने शिट्टी वाजवली.

आम्हाला बाकावर बसवलं. सगळ्या सीटा काढून गाडीशेजारी रांगेत मांडल्या. पाय मोडलेले पाहुणे बसावेत तशा. मोठे साहेब जेवायला गेले होते आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय काही हलणार नव्हतं. आत्या अधूनमधून स्वतःशीच बडबडत होती, "चोर सोडून संन्याशाला फाशी. भीक नको पण कुत्रं आवर." साडेतीनला साहेब आले. त्यांच्यामागून एक पिकल्या मिशांचा हवालदार आला, गाडी बघून थबकला.

"साहेब, ही शेपटाची गाडी. वीस वर्षं बघतोय. ते बटण त्यांच्याकडच्या चोरांसाठी असतं." मग माझ्याकडे वळून, "वायर काढली नाही का त्यांनी आज? ते कुठेयत?"

"वारले," आत्या म्हणाली. "ही मुलगी त्यांची."

हवालदाराने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "माणूस घाईचा नव्हता," तो म्हणाला. मग वायर काढून, गुंडाळून कप्प्यात ठेवली आणि स्वतः वाकून सीटा बसवू लागला.

सुटलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. निम्मा रस्ता बाकी, हातात पावणेदोन तास. नीट गेलं तर पुरेसे होते. पण दहाच मिनिटांत पुढे ट्रक आला. लोखंडी नळ्या भरलेला, मागे लाल फडकं बांधलेला, चढावर कण्हत चाललेला. मी त्याच्यामागे लागले. काटा वीसवर. पावणेपाच झाले.

"असं गेलो तर किती वाजतील?" तिने विचारलं.

"साडेसात."

"मग माघारी फिर. मला घरी सोड, तू एकटी... नाही, तेही व्हायचं नाही." मग हलक्या आवाजात म्हणाली, "हा डोळा चांगलाय गं माझा. गेल्या वर्षीचा. दादानेच करून आणला."

लाल फडकं माझ्यापुढे फडफडत होतं. त्यापलीकडे काहीच नव्हतं. नळ्यांची काळी तोंडं आणि उजवीकडची गवताची कड. मी दोनदा इंडिकेटर दिला आणि दोनदा बंद केला.

"येतंय," आत्या म्हणाली. एक पांढरी गाडी सूं करून गेली. "अजून एक येतंय." तीही गेली. मग ती पिशवी खाली ठेवून पुढे सरकली, काचेला नाक लागेल इतकी. "मोकळं वाट..." थांबली. तिलाही तो नियम माहीत होता. माझ्या जन्माआधी ती सीट तिची होती. पुन्हा बघितलं. सावकाश, जितका वेळ लागतो तितका वेळ.

"मोकळं."

मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडीचं नाक बाहेर पडलं, पण मी अजून ट्रकच्या आड होते. दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत मला काहीही दिसत नव्हतं. मी एका सत्तरीच्या बाईच्या एका शब्दावर रस्त्याच्या मधोमध जात होते. दहा वर्षांच्या, पाठीखाली उशी घेतलेल्या पोरीच्या शब्दावर बाबा इथेच, असेच बाहेर पडायचे, मागे तीन परकी माणसं घेऊन. मला वाटायचं, ते फक्त गाडी चालवतायत आणि कठीण काम माझ्याकडे आहे.

मग ट्रक सरला आणि समोर सगळा रस्ता पडलेला होता. लांब, सरळ, रिकामा.

"बघ," आत्या म्हणाली. "बटाटे नाहीत."

त्यानंतर आणखी सहा गाड्या आम्ही ओलांडल्या. आत्या उत्साहात आली होती. मागे पडलेल्या एका ट्रकवाल्याला तिने हातसुद्धा हलवला. तिसऱ्या चौकीवर कप्प्यातली वायर आपणहून काढून दाखवली. फाटकापाशी पोचलो तेव्हा सहाला सात मिनिटं होती. सकाळचाच शिपाई होता. त्याने घड्याळ पाहिलं, मग गाडी पाहिली.

"शेपूट वेळेवर कसं आलं आज?" तो म्हणाला. पासावर शिक्का मारून त्याने त्यावर आडवी रेघ ओढली. "हा संपला. पुढचा तुमच्या नावावर काढा."

"बघू," मी म्हटलं.

आठच्या आकड्यात शिरलो. मी डोळे मिटू शकत नव्हते, मी चालवत होते. बाहेर पडलो ते भोंग्यांच्या गलबल्यात, डाव्या कडेने, आणि रस्त्याचा मध्य पुन्हा माझ्या बाजूला आला. खांदे उतरले. मी काय म्हणणार होते ते मला माहीत होतं, आणि म्हटलंही. "आता झोप, आत्या. इथून मला दिसतं."

"झोपते कसली. इतकं छान चाललंय." तिने मान उंच केली. पुढे कोबीने भरलेला एक टेम्पो होता. "पण इथून मला टेम्पोचं बूड तेवढं दिसतंय. पुढे काय आहे? सांग की."

"आत्या, सांगायची गरज नाही. मीच चालवतेय."

"तरी सांग. इतकी वर्षं गप्प बसलीस ती बसलीस."

मी पुढे बघितलं. समोरून एक बस येत होती. ती जाऊ दिली. तिच्यामागे एक सायकल होती. तीही जाऊ दिली. मग पुन्हा एकदा बघितलं.

"मोकळं," मी म्हटलं.